नवे पुस्तक आणि ग्रंथालयातील वाचक

मराठी मुद्रित पुस्तकांच्या आरंभीच्या इतिहासात एका दूरच्या गावाचे नाव येते. ते गाव म्हणजे श्रीरामपूर. नगर जिल्ह्यातले नव्हे, तर कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या पश्चिम तीरावर वसलेले आणि त्या काळी डेन्मार्कच्या अमलाखाली असलेले. तेथे विल्यम केरी या धर्मोपदेशकाने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि वैजनाथ पंडितांच्या साह्याने १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’ व १८१५ साली ‘हितोपदेश’ ही पुस्तके प्रसिद्ध केली. पेशवाई अद्याप बुडावयाची होती. मराठी गद्य मात्र वंगभूमीत छापले जाऊ लागले होते.

ही पुस्तके कोणासाठी होती? कलकत्त्यात १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारचे तरुण अधिकारी देशी भाषा शिकत. मुख्यतः त्यांच्या उपयोगासाठी ती निघाली. ज्यांच्या भाषेत ती लिहिली होती, त्या गोदा-कृष्णेकाठच्या माणसांना त्यांचा पत्ताही नव्हता. अक्षर मराठी, शब्द मराठी, कथा ओळखीची; परंतु पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये अर्धा देश पसरलेला. पुस्तक छापले जाणे आणि पुस्तक वाचकाला मिळणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत, हा धडा मराठी मुद्रणाच्या पहिल्या दशकातच मिळाला होता. दीडदोनशे वर्षे उलटली, छापखाने वाढले, टपाल व आगगाडी आली, ग्रंथालये गावोगाव झाली. तरीही हा धडा जुना झालेला नाही.

नवे साहित्य ग्रंथालयातील वाचकापर्यंत पोहोचावयाचे, तर तीन कामे व्हावी लागतात. पुस्तक कोठेतरी जतन झाले पाहिजे. अनेकांतून ते निवडले गेले पाहिजे. आणि अखेरीस कोणीतरी ते वाचकाच्या हाती ठेवून ‘हे वाचा’ असे म्हटले पाहिजे. साठवण, निवड आणि आमंत्रण अशी नावे या तीन कामांना देता येतील. ही तिन्ही कामे कशी चालतात आणि एकाने दुसऱ्याची जागा का भरून निघत नाही, हे पाहावयास कोलकात्यासारखे दुसरे शहर नाही.

प्रथम साठवण. १८३६ साली कलकत्त्यात सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले, तेव्हा मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजाच्या संग्रहातून ४,६७५ पुस्तके त्याच्या स्वाधीन केली. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर हे त्या संस्थेचे पहिले भागधारक. पुढे सरकारी कचेऱ्यांतील ग्रंथसंग्रह एकत्र करून बनविलेल्या इम्पीरियल लायब्ररीत हे ग्रंथालय मिसळले, आणि १९०३ साली लॉर्ड कर्झन याने ती लोकांसाठी खुली केली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, तिला राष्ट्रीय ग्रंथालय हे नाव मिळाले. १९५३ साली अलीपूरच्या बेल्व्हेडिअर या जुन्या प्रासादात मौलाना आझादांच्या हस्ते तिची दारे पुन्हा उघडली. ज्या कॉलेजासाठी ‘सिंहासन बत्तिशी’ छापली गेली, त्याच कॉलेजाच्या कपाटांतून देशाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयाचा एक मूळ झरा निघाला, हा योगायोग मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९५४ साली संसदेने पुस्तके पोहोचविण्याविषयी एक कायदा केला. त्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने, प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास पाठवावयाची असते. आणखी तीन ग्रंथालयांनाही तशाच प्रती द्यावयाच्या असतात; मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. कसूर करणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत, एवढीच शिक्षा कायद्यात लिहिली गेली. साहजिकच काही पुस्तके येतात, काही येत नाहीत. तरीही या व्यवस्थेचा पाया उदार आहे. कायदा पुस्तकाची गुणवत्ता विचारीत नाही. नामवंताची कादंबरी आणि तालुक्याच्या गावी स्वखर्चाने छापलेला पहिला काव्यसंग्रह यांचा मान तेथे सारखाच. जमा झालेल्या पुस्तकांच्या आधारे कोलकात्यातच भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची तयार होऊ लागली. १९५७ सालच्या शेवटच्या तिमाहीची नोंद करणारा तिचा पहिला भाग १५ ऑगस्ट १९५८ रोजी प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात हेच काम शंकर गणेश दाते यांनी हाती घेतले. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४४ साली, आणि १९३८ ते १९५० या काळातील सूची १९६१ साली प्रसिद्ध झाली. अशा सूचींचे ऋण फेडणे कठीण. परंतु सूची वाचकाशी बोलत नाही. ग्रंथाचे नाव, कर्ता, पृष्ठे, किंमत आणि प्रकाशनाचे वर्ष ती सांगते. हे पुस्तक आज संध्याकाळी घरी न्यावे की न न्यावे, हे ती सांगत नाही. तिने ते सांगूही नये.

साठवणीतूनही काही निसटतेच. कोलकात्यात लहान नियतकालिकांची मोठी परंपरा आहे. उद्याचे कवी आणि कथाकार प्रथम तेथेच लिहितात. १९७२ साली एका मोठ्या ग्रंथालयात अशा अंकांचे गठ्ठे टाकून देण्यासाठी बांधून ठेवलेले संदीप दत्त या तरुणाने पाहिले आणि त्याला ते सहन झाले नाही. १९७८ साली त्यांनी टेमर लेनमधील आपल्या राहत्या घरातच लहान नियतकालिकांचे ग्रंथालय उघडले आणि २०२३ साली निधन होईपर्यंत ते सांभाळले. ज्याला या अंकांचे मोल कळत होते, अशा एका वाचकामुळे हा ठेवा जपला गेला.

दुसरे काम निवडीचे. राजा राममोहन राय यांच्या जन्मास दोनशे वर्षे झाली, तेव्हा २२ मे १९७२ रोजी भारत सरकारने त्यांच्या नावाने ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन केले. त्याची कचेरी कोलकात्यासच आहे. राज्य सरकारे आपला वाटा घालतात, प्रतिष्ठान आपला घालते, आणि त्या रकमेतून राज्याराज्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके मिळतात. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. येथेही शासनाची ग्रंथनिवड समिती मान्य पुस्तकांची यादी प्रसिद्ध करते. ज्या गावात पुस्तकांचे दुकान नाही आणि ग्रंथालयाच्या चिटणिसाला पुण्यामुंबईची फेरी परवडत नाही, तेथे अशी यादी म्हणजे मोठाच आधार होय.

या निवडीला स्वाभाविक मर्यादाही आहेत. समितीला हजारो ग्रंथालयांचा विचार एकदम करावा लागतो. खाणकामगारांच्या वस्तीतले ग्रंथालय आणि पेन्शनरांच्या पेठेतले ग्रंथालय तिच्या लेखी एकाच वर्गात पडू शकतात. शिवाय समितीला नवे पुस्तक दिसते. त्याचा वाचक दिसत नाही. म्हणूनच अनेक ग्रंथालयांत एक विषण्ण दृश्य नजरेस पडते. योजनेतून आलेली कोरी पुस्तके शिक्का मारून, क्रमांक घालून कपाटात उभी असतात, आणि शेजारच्या टेबलावर वाचक तीच चार फाटकी कादंबरीपुस्तके पुन्हा पुन्हा बदलून नेत असतात. पैसा खर्च झाला, पुस्तक आले, नोंदही झाली. परंतु वाचन झाले नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी दोन स्वतंत्र सूत्रे आहेत. दुसऱ्या सूत्राची गरज सर्वाधिक असते ती नव्या लेखकाच्या पुस्तकाला. प्रसिद्ध लेखकाचे नावच त्याची शिफारस करते. नवख्याची शिफारस करणारा कोणी नसला, तर त्याचे पुस्तक ग्रंथालयात असूनही नसल्यासारखेच.

येथे तिसरे काम सुरू होते. १९२८ साली कलकत्त्यात अखिल भारतीय ग्रंथालय परिषद भरली, तेव्हा रवींद्रनाथांनी ग्रंथालयाच्या मुख्य कर्तव्यासंबंधी आपले विचार मांडले. ग्रंथालयाचा मोठेपणा साठ्यावर मोजावयाचा नाही, असा त्यांचा आशय होता. जो भाग रोजच्या वापरात येतो, त्यातच ग्रंथालयाची सार्थकता. प्रचंड ग्रंथालयास त्यांनी कोठाराची उपमा दिली आणि लहान ग्रंथालयास भोजनशाळेची. ग्रंथपाल नुसता कोठीवाला राहून भागणार नाही; त्याने यजमान झाले पाहिजे आणि पुस्तकांच्या वतीने वाचकांना बोलावणे पाठविले पाहिजे, ही त्यांची अपेक्षा होती. पंगतीत कोणाला काय रुचते, कोणाचे पान रिकामे राहिले, कोण संकोचाने मागत नाही, हे ज्याला कळते तोच यजमान. कोठीच्या हिशेबात यांतले काहीच लिहिलेले नसते.

बंगालमध्ये अशा यजमानांची परंपरा जुनी आहे. कलकत्ता सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल प्यारीचाँद मित्र यांनी १८५४ साली राधानाथ सिकदारांसह सामान्य माणसांसाठी आणि स्त्रियांसाठी सोप्या भाषेतले एक मासिक काढले, आणि टेकचाँद ठाकूर या नावाने ‘आलालेर घरेर दुलाल’ ही कादंबरी लिहिली. १८५८ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कृतीस अनेक अभ्यासक बंगालीतील पहिली कादंबरी मानतात. ग्रंथपालाला आपल्या वाचकांची ओळख असली, की त्यांच्यासाठी कोणते पुस्तक अजून लिहिलेच गेलेले नाही, हेही त्याला उमगते, असे या उदाहरणावरून म्हणावयास हरकत नाही.

शिफारस करणारा कवीही असू शकतो. बुद्धदेव बसू यांनी १९३५ ते १९६१ या काळात ‘कविता’ हे त्रैमासिक आपल्या घरातून चालविले. जीवनानंद दास या अबोल आणि दुर्बोध समजल्या गेलेल्या कवीची थट्टा होत असता बुद्धदेव त्याच्या कविता निष्ठेने छापीत राहिले, त्या कशा वाचाव्यात हे लिहीत राहिले. १९४२ साली त्यांनी ‘वनलता सेन’ हा जीवनानंदांचा संग्रह सोळा पानांच्या स्वस्त पुस्तिकेच्या रूपाने काढला. १९५४ साली ट्रामच्या अपघातानंतर जीवनानंद वारले. दुसऱ्या वर्षी, साहित्य अकादमीने प्रथमच बंगालीसाठी पारितोषिक दिले, ते त्यांच्या निवडक कवितांच्या संग्रहाला. त्यांच्या अनेक कथा-कादंबऱ्या हस्तलिखितांच्या रूपाने ट्रंकांतच पडून राहिल्या होत्या आणि मृत्यूनंतर एकेक करून प्रकाशात आल्या. आज त्यांची गणना श्रेष्ठ बंगाली कवींत होते. पारितोषिकाची वाट न पाहता, वीस वर्षे आधी ज्याने हा कवी वाचकांपुढे ठेवला, त्याच्या दृष्टीला शिफारस म्हणतात. पारितोषिकानंतरची शिफारस कोणीही करील.

याहून हृद्य उदाहरण मनोरंजन ब्यापारी यांचे आहे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत वाढलेला हा दलित तरुण शाळेत गेलाच नव्हता. तुरुंगात असताना तो अक्षरे शिकला. सुटल्यावर तो कोलकात्यात सायकल-रिक्षा ओढीत असे आणि गिऱ्हाइकाची वाट पाहताना मिळेल ते वाचीत असे. एका पुस्तकात त्याला ‘जिजीविषा’ हा शब्द अडला. रिक्षात बसलेल्या, प्राध्यापिकेसारख्या दिसणाऱ्या बाईंना त्याने त्याचा अर्थ विचारला. जगण्याची इच्छा, असे त्यांनी सांगितले. मग त्याची चौकशी केली आणि आपल्या ‘वर्तिका’ या नियतकालिकासाठी स्वतःच्या जगण्याविषयी लिहिण्यास सुचविले. त्या बाई म्हणजे महाश्वेतादेवी होत. त्या वेळी तो त्यांचेच ‘अग्निगर्भ’ हे पुस्तक वाचीत होता. १९८१ साली त्याचे पहिले लेखन ‘वर्तिके’त आले, २०१२ साली ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. दया पवारांचे ‘बलुतं’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ज्यांनी वाचले आहे, त्या मराठी वाचकांना या पुस्तकाची ओळख करून देण्यास एक वाक्यही पुरेल. वसतिगृहात वर्षानुवर्षे स्वयंपाक्याचे काम केलेल्या या लेखकाची २०२० साली बंगाल सरकारने एका ग्रंथालयात नेमणूक केली, हा या कथेचा उचित टप्पा होय.

ही उदाहरणे मोठ्या माणसांची आहेत म्हणून लहान ग्रंथालयाने हात टेकण्याचे कारण नाही. बागबाजार रीडिंग लायब्ररी १८८३ साली आणि चैतन्य लायब्ररी १८८९ साली निघाली, ती शेजारपाजारच्या माणसांच्या हौसेतून. महाराष्ट्रातील नगरवाचनालयांचा इतिहासही असाच आहे. आमंत्रणासाठी अनुदान लागत नाही. लागते ते वाचन, आणि वाचकाशी परिचय.

नव्या पुस्तकाची शिफारस करताना काय सांगावे? पुस्तक कशाविषयी आहे, हे दोन वाक्यांत. ते वाचावयास काय लागेल, हे एका वाक्यात: सलग वेळ लागेल की तुकड्यातुकड्याने चालेल, बोलीभाषा अवघड जाईल की सहज कळेल. आणि ते कोणाला आवडणार नाही, हेही प्रामाणिकपणे. शेवटची गोष्ट बहुधा वगळली जाते आणि तेथेच शिफारशीचा विश्वास जातो. दर आठवड्याला दहा पुस्तके ‘अवश्य वाचा’ म्हणून सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. महिन्यातून दोनच पुस्तके निवडून, ‘हे चांगले आहे, पण पहिली तीस पाने चिवट आहेत’ असे सांगणाऱ्यावर वाचक भरवसा ठेवतो.

एकच पुस्तक निरनिराळ्या वाचकांना निरनिराळ्या वाटेने द्यावे लागते. महाश्वेतादेवींची ‘हजार चुराशीर मा’ ही १९७४ सालची कादंबरी घ्या. शवागारातील क्रमांकाने ओळखल्या गेलेल्या आपल्या मुलाला त्याच्या मृत्यूनंतर समजून घेणाऱ्या आईची ती कथा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती नक्षलवादी चळवळीच्या काळाचा आरसा म्हणून द्यावी. गोविंद निहलानी यांचा १९९८ सालचा चित्रपट ज्याने पाहिला असेल, त्याला मूळ लेखन पाहण्याच्या उत्सुकतेने द्यावी. आणि मुले मोठी होऊन परकी झालेल्या एखाद्या गृहिणीला काहीही न सांगता नुसती हातात द्यावी. हे तारतम्य कोणत्याही यादीत छापता येत नाही.

नव्या पुस्तकांसाठी दारापाशी एक वेगळा खण. त्यांतील प्रत्येक पुस्तकात, ते वाचलेल्या सभासदाच्या हातची चार ओळींची चिठ्ठी. महिन्यातून एकदा एका पुस्तकातील दहा पानांचे जाहीर वाचन. आणि जे पुस्तक वर्षभर कोणी नेले नाही, ते कपाटातून काढून टेबलावर आणणे: एवढ्याने पुष्कळ साधते. चिठ्ठी लिहिणारा वाचकच हळूहळू शिफारस करणारा होतो, आणि ग्रंथपालाचे एकट्याचे ओझे वाटले जाते.

मराठी भाषिकांपुरता या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली, कोलकाता अशा शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी मराठी बोलले जाते. परंतु मराठी पुस्तकांची त्यांची ओळख बहुधा आजोबांच्या ट्रंकेपाशी थांबलेली असते. हरिभाऊ, खांडेकर, फडके ही नावे ठाऊक. त्यानंतर काय लिहिले गेले, ते सांगणारे कोणी नाही. कोलकात्याच्या मराठी माणसाची स्थिती तर विशेष चमत्कारिक. त्याच्याच शहरात, बेल्व्हेडिअरच्या आवारात, कायद्याने आलेली मराठी पुस्तके उभी आहेत. केरीच्या काळी पुस्तक बंगालमध्ये होते आणि वाचक महाराष्ट्रात. आता दोघे एकाच गावात आहेत. त्यांची गाठ घालून देणारा तेवढा हवा. तो न मिळाला, तर पुढच्या पिढीच्या घरात मराठी ही केवळ जेवणखाणाची भाषा उरेल, विचाराची राहणार नाही. हा तोटा कोणत्याही शिरगणतीत दिसत नाही.

ही गाठ दोन्ही बाजूंनी घालता येते. सखाराम गणेश देउस्कर हे देवघरजवळ जन्मलेले मराठी गृहस्थ बंगालीत लिहीत. बाजीराव, आनंदीबाई अशी महाराष्ट्राची माणसे त्यांनी वंगवाचकांपुढे ठेवली. रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही १९०४ सालची कविता देउस्करांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेबरोबर प्रसिद्ध झाली. त्याच साली आलेल्या त्यांच्या ‘देशेर कथा’ या ग्रंथावर सरकारने १९१० साली बंदी घातली. इकडून पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या उंबरठ्यावर बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि ‘वंगचित्रे’ घेऊन परतले. मामा वरेरकरांनी शरदबाबू मराठी घराघरांत आणले. या सर्वांनी केले ते एकच: स्वतः जे वाचून आनंद झाला, ते दुसऱ्याला नेऊन दिले.

कायद्याने पुस्तकाची प्रत मिळविता येते आणि समितीच्या निवडीने ती ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत नेता येते. कपाटापासून वाचकाच्या हातापर्यंतचे अंतर हाताच्या लांबीएवढेच असते. तेवढे मात्र, ते पुस्तक स्वतः वाचलेल्या माणसालाच तोडावे लागते. गावच्या ग्रंथालयात या आठवड्यात आलेल्या नव्या पुस्तकांपैकी एकतरी कोणी वाचून पाहावे आणि आवडल्यास शेजाऱ्याला सांगावे. रवींद्रनाथांच्या भोजनशाळेत पाने वाढलेली आहेत. बोलावणे जावयाचे तेवढे राहिले आहे.